वाटीखालची डायल

आमच्या फाटकावर ‘मीटर दुरुस्ती’ अशी पाटी आहे. ती माझ्या पत्नीने, विजयाने रंगवली. ती शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे अक्षर इतके ठसठशीत की एस.टी.च्या खिडकीतूनही वाचता यावे. परिणाम असा की मुरूडमध्ये ज्याचे विजेचे बिल फुगते तो आधी माझ्याकडे येतो. मागे एक म्हातारी बिल नाचवत अंगणात उभी राहिली.

“माजा मीटर लय पलतो रं बाबा. घरात एक दिवा नि एक पंखा.”

मी समजावले, “आजी, मी मोटारीतले मीटर दुरुस्त करतो.”

“मंग ह्यो मोटारीपरीस जोरात पलतो. बघ की जरा!”

विजया आतून म्हणाली, “बघा की. नाहीतरी तुमच्या मोटारी कुठे पळतात?”

तिचे खरे होते. माझ्याकडे येणाऱ्या मोटारी पळण्याच्या वयाच्या नसतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर पहिल्या काही वर्षांत विलायतेत ज्या मोटारी बनल्या आणि बोटीने आपल्याकडे आल्या, त्यांच्या डॅशबोर्डवरची उपकरणे मी दुरुस्त करतो. वेग दाखवणारा स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, तेलाच्या दाबाचा काटा, बॅटरीत वीज भरते आहे की खर्च होते आहे ते सांगणारा अ‍ॅमीटर, आणि एक घड्याळ. घड्याळ बंद असते. ते चालणारी गाडी माझ्या हातून आजवर एकच गेली. तिच्याविषयी पुढे येईलच.

कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. एक नाव छापून आले की जाणकारांचे फोन सुरू होतात. त्यांचाही दोष नाही. युद्धानंतर विलायतेत सगळ्याचीच टंचाई होती. जुने साचे, उरलेसुरले सुटे भाग यांवर पुष्कळ गाड्या निघाल्या. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन तऱ्हेच्या डायली सापडतात. एकीचे आकडे तपकिरी, दुसरीचे काळे. एकीचा काटा सुईसारखा, दुसरीचा टोकाशी पानासारखा पसरलेला. दोन्ही मालक ‘माझीच ओरिजिनल’ म्हणून भांडतात आणि दोघेही खरे असतात. ‘ओरिजिनल’ या शब्दावर माझे घर चालले. कारखान्यातून जशी निघाली तशी करायची, आपले शहाणपण त्यात घालायचे नाही, हा माझा नियम.

किनाऱ्यावर डायलींचे दुखणे एकच, खारी हवा. रंगाखालचा पत्रा गंजतो, रंगाला फोड येतात आणि अक्षरे खपलीसारखी उडतात. आतली यंत्रे मी बघायचो, तोंड रंगवणे विजयाकडे. मूळ रंग ओळखायची आमची एक खूण होती. काचेभोवतीची क्रोमची रिंग काढली की तिच्याखाली डायलीची बारीक कड दडलेली असते. तिथे ऊन पोचत नाही. बाकीची डायल सुक्या खोबऱ्याच्या पाठीसारखी तपकिरी झाली असली तरी ती कड पहिल्या दिवसाचा सायीचा रंग धरून असते. विजयाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, “बांगडीखालच्या मनगटासारखी.” त्यानंतर मी कुणालाही हे दुसऱ्या शब्दांत समजावलेले नाही.

तिच्या कामाचा हंगाम ठरलेला होता. भाऊबीज झाली की रंगांचा डबा उघडायचा, होळीला बंद. होळीनंतर हवेला घाम फुटतो; रंग नीट वाळत नाही, वाळला तरी त्याच्यावर धुके चढते. हंगामातही काम सकाळचेच. दुपारी वारा समुद्राकडून फिरला की ब्रश ठेवायचा आणि ओल्या अक्षरांवर स्टीलची वाटी पालथी घालायची. त्यापायी आमच्या घरात वाट्या टिकत नसत. जेवायला पाहुणे आले की मी वाट्या शोधत तिच्या टेबलापाशी जाई आणि ती स्वयंपाकघरातून ओरडे, “ती उचलू नका, तिच्याखाली साठ-सत्तर आहेत!” पाहुणे दचकत.

गिऱ्हाइके घाई करीत. “बाई, दोनच तर आकडे राहिलेत.”

“हापूस माघात मागता का?” ती विचारी. कोकणातला माणूस मग पुढची तारीख विचारून घरी जाई.

आता काही गिऱ्हाइके सांगतो. काशीदच्या अलीकडे नारळ-सुपारीची वाडी असलेले बापूकाका एकदा चिंतेत आले. त्यांच्या गाडीचा स्पीडोमीटर थंडीत वेड्यासारखा करू लागला होता.

“नाना, सकाळी वाडीच्या फाटकातून बाहेर पडतो तर काटा ऐंशीवर. बैलगाडी मला ओलांडून जाते आणि काटा ऐंशीवर! दुपारी बाजारातून परततो तेव्हा शहाण्यासारखा वीस-पंचवीस दाखवतो. ही सकाळी माझ्या गाडीत बसायला तयार नाही. म्हणते, एवढ्या जोरात नका नेऊ.”

स्पीडोमीटरच्या पोटात एक लोहचुंबक फिरते आणि त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी टोपी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. चुंबक जितक्या जोरात फिरेल तितकी टोपी ओढली जाते, आणि काटा टोपीला जोडलेला असतो. स्पर्श न होता ओढ लागणे, एवढेच त्याचे रहस्य. मी मीटर उघडला तर दोघांच्या मधल्या फटीत पांढरे, घट्ट काहीतरी बसलेले. नाकाशी नेले. वास माझ्या लहानपणीच्या आंघोळीचा.

“बापूकाका, केबलमध्ये तेल कुठले घातलेत?”

“घरचं. घाण्याचं.”

“खोबरेल?”

“मग काय विकतचं घालू? डोक्याला चालतं, सांध्याला चालतं, गाडीला काय धाड भरली?”

खोबरेल केबलमधून चढत चढत मीटरात पोचले होते. थंडीच्या सकाळी ते थिजे, चुंबकाला टोपी चिकटे आणि काटा सुसाट. ऊन चढले की तेल वितळे आणि गाडी ताळ्यावर येई. बाहेरगावच्या कुणा मेकॅनिकला हा रोग उभ्या जन्मात सापडला नसता. आमच्याकडे मात्र पौषात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय वेणी होत नाही. विजयाने तेलाने डागळलेली डायल हातात घेतली आणि म्हणाली, “काका, समईतही हेच घालता ना? मग गाडीला तेवढं सोडा, देवाच्या बरोबरीला नका बसवू.”

दुसरे गिऱ्हाईक काशीदला बंगला असलेले मुंबईचे एक गृहस्थ. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत बक्षिसे मिळवणे हा त्यांचा छंद. खिशात पेन असावे तसे भिंग. त्यांची डायल रंगवायला घेतली तेव्हा ते रोज येऊन विजयाच्या खांद्यावरून बघत. शेवटी ती कंटाळून म्हणाली, “साहेब, तुमच्या मूळ डायलीवर तीसमधलं शून्य जरा डावीकडे कललंय. कारखान्यातच कललेलं. सरळ करून टाकू का?”

त्यांचा चेहरा पडला. “नको, नको! बाई, ते तसंच कललेलं पाहिजे. तेच तर ओरिजिनल!”

शून्य कललेले ठेवले. त्या वर्षी त्यांना ढाल मिळाली, आणि पुढे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंग देऊन ते शून्य दाखवू लागले. विजया मला म्हणाली, “माझं तरी वेगळं काय? कललेला असला तरी ओरिजिनल आहे म्हणून ठेवून घेतलाय.”

तिसरे अब्बासभाई. यांना गिऱ्हाईक म्हणावे की शेजारी, की आणखी काही, ते मला ठरवता येत नाही. त्यांच्या वडिलांनी मुरूड ते आगरदांडा सवारीसाठी एक गाडी घेतली होती. सवाऱ्या गेल्या, सहा आसनी रिक्षा आल्या. गाडी उरली ती लग्नांपुरती. माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका फजितीतून. खाडीपलीकडच्या दिघीला जाणारी वरात, आगरदांड्याच्या जेट्टीला फेरीबोट लागलेली, आणि गाडी उतारावरच बंद.

“काटा फुल, टाकी सुकी, नि नवरदेव उन्हात,” अब्बासभाई सांगत होते. “नाना, ह्या काट्यानं माजी अब्रू घेतली.”

पेट्रोलचा काटा दोन वेटोळ्यांच्या मध्ये असतो. दोघांत रस्सीखेच चालते. टाकीत एक तरंगणारा बोंडा असतो. पेट्रोल चढले-उतरले की तो चढतो-उतरतो, आणि त्याच्यावरून एका बाजूची ओढ कमी-जास्त होते. टाकीकडून येणारी तार तुटली की त्या बाजूचा गडी दोर सोडून देतो आणि काटा दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. ते टोक ‘भरलेली’चे. तार तुटलेला काटा कायम भरलेलेच दाखवतो. गेले वर्षभर कुणी मला ‘कसे आहात’ म्हणून विचारले की हा काटा आठवतो.

तार जोडली, पण अब्बासभाईंचा काट्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. ते टाकीत बांबूची कामटी बुडवून पेट्रोल बघू लागले. हळूहळू बाकीचे काटेही थांबले आणि त्यांनी ते थांबू दिले.

मग गेल्याच्या आदल्या शिमग्याआधी, म्हणजे विजया होती तेव्हा, ते गाडीचे पाचही मीटर टोपलीत, जुन्या लुंगीत गुंडाळून घेऊन आले. नातीचा, सनाचा निकाह ठरला होता. मुलगा दिघीचा, निकाह दिवाळीनंतरच्या थंडीत.

“सनाला ह्याच गाडीतून पाठवायची. पन सगले काटे जिते पायजेत.”

“एकदम सगळे? तुम्ही तर कामटीवाले.”

अब्बासभाईंनी टोपलीतला एक मीटर उचलला. “ल्हानपनापासून पोर माज्या बाजूला बसायची. एकेका काट्यावर बोट ठेवून विचारायची, दादा, ह्यो काय दाखवतो? मी सांगायचो, बंद हाय. ह्यो? त्यो पन बंद हाय. एवढी शिकली नाना, नि मी तिला सगल्याचं एकच उत्तर दिलंय. जाताना तरी खरं सांगू दे.”

सना विजयाची विद्यार्थिनी. विजयाने दुसरे काम बाजूला ठेवले आणि या डायली घेतल्या. सर्वांत वाईट गंजलेली पेट्रोलची, म्हणून ती शेवटी ठेवली. फाल्गुनातल्या एका सकाळी तिने सायीच्या रंगावर ‘रिकामी’चा ई काढला, मध्ये अर्ध्याची खूण काढली, आणि वारा फिरला. तिने वाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी होळी.

“एक अक्षर राहिलंय,” मी म्हटले. “एवढं उद्या काढून टाक.”

“डबा बंद म्हणजे बंद. एफ दिवाळीनंतर.” आणि मग माझी समजूत घालावी तसे, “ईचा एक हात काढला की एफ. त्याला काय लागतंय?”

भाद्रपदात ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा होता. त्याविषयी इथे लिहायचे नाही, विषय डायलींचा आहे.

भाऊबीज झाली. रंगांचा डबा मी उघडला नाही. आतले काम मात्र मन लावून केले. तेलाचा, अ‍ॅमीटरचा, वेगाचा काटा चालू झाला. घड्याळसुद्धा चालू झाले. ते इतके अनपेक्षित होते की त्याची टिकटिक ऐकून मी आधी उशाचे घड्याळ तपासले. पेट्रोलचे यंत्रही तयार होते. त्याची डायल वाटीखाली होती.

अब्बासभाई येत, चहा घेत, वाटीकडे बघत आणि जात. डायलीचा विषय काढीत नसत. निकाह जवळ आला तसे त्यांचे बघणेही कमी झाले. चहाच्या कपात बघू लागले. म्हणजे ठरवायचे मलाच होते.

पहिल्यांदा मी स्वतः प्रयत्न केला. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर एफ काढून पाहिले. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळल्या आहेत, हात थरथरत नाही. पण ते एफ उंबरठ्यात ठेच लागलेल्या माणसासारखे पुढे वाकत. मग पनवेलला एका दुकानात संगणकावर अक्षर छापून घेतले. मुलगा हुशार होता, फोटोवरून अगदी तसेच करून दिले. घरी आणून ईच्या शेजारी धरले. एफ निर्दोष होता. दोष एवढाच की तो शेजारी येताच ई चुकल्यासारखा दिसायला लागला. विजयाच्या ईचा मधला हात किंचित वर चढतो. मी ते इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते. दोन अक्षरे जवळ आल्यावर दिसले.

काशीदच्या गृहस्थांना फोन केला. ते मनापासून कळवळले आणि म्हणाले, “नाना, माझ्या माहितीत मुंबईत एक जण आहे. डायल पूर्ण पुसून नव्याने छापतो. कारखान्यासारखी. अर्धीमुर्धी डायल बसवू नका, ते बरोबर नाही.”

बरोबर नव्हतेच. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मीही हेच सांगितले असते. पण पुसायचे म्हणजे ई पुसायचा. मी हो म्हणालो आणि डायल मुंबईला पाठवली नाही.

निकाहाच्या आठवड्यात अब्बासभाईंना मीच बोलावले. टेबलावर पनवेलचा एफ ठेवला, माझे झाकण ठेवले आणि वाटीसकट डायल ठेवली. झाकणाकडे बघून ते म्हणाले, “ह्यो कोन लंगडतोय?” मग मी वाटी उचलली. पावसाळा जाऊनही रंगावर धुके चढले नव्हते. मी त्यांना सगळे सांगितले. छापलेले अक्षर लावायचे, की सगळी पुसून नवी करायची, तुम्ही मालक आहात, तुम्ही सांगा.

त्यांनी डायल दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली.

“नाना, ह्या गाडीची टाकी फुल कवा झाली?”

“मला काय माहीत?”

“मला म्हाईत हाय. बापाच्या वक्ताला न्हाय, माज्या वक्ताला न्हाय. सवारी मिलाली की तेवढंच पेट्रोल. काट्याची जिंदगी इथनं इथवर.” त्यांनी ईपासून अर्ध्याच्या खुणेपर्यंत बोट फिरवले. “भाभीनी आमच्यापुरतं सगलं लिवलंय. त्या अंगाला काटा एकदाच गेला, नि खोटं बोलला.”

“पण लोक विचारतील.”

“दिघीचे? त्यांच्या गाड्यांना चाकं हायत का ते मी विचारलं काय?” मग आवाज उतरवून म्हणाले, “बसवा हाय तशी. पुसू नका.”

माझा नियम इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोडला आणि हात जराही अडखळला नाही. काच घातली, रिंग दाबली, गाडीत बसवली.

निकाहाच्या दिवशी अब्बासभाईंनी मला पुढच्या सीटवर बसवले. “काट्यांची जिम्मेदारी तुमची,” म्हणाले. मागे सना आणि तिची आई, सगळीकडे अत्तराचा वास. मला वाटले गाडी सरळ आगरदांड्याला जाईल, पण अब्बासभाईंनी ती पेट्रोल पंपावर घेतली आणि झाकणाची चावी पंपावरच्या माणसाच्या हातात दिली.

“भर. वरपर्यंत.”

तो माणूस त्यांना वर्षानुवर्षे ओळखणारा. नळी हातात घेऊन उभाच राहिला. “चाचा, वरपर्यंत? कामटी हरवली काय?”

“तुला भरायला सांगितलंय, इचारायला न्हाय.”

टाकी भरली. अब्बासभाईंनी चावी फिरवली. काटा ईवरून उठला, अर्ध्याची खूण ओलांडली, आणि पलीकडच्या कोऱ्या सायीवर जाऊन, जरासा हलून, उभा राहिला.

मागून सना पुढे वाकली. बांगड्या वाजल्या. तिने सीटच्या मधून हात घातला आणि काचेवर बोट ठेवले.

“दादा, ह्यो काय दाखवतो?”

अब्बासभाई म्हणाले, “भरलीय, बेटा.”

“पन तिथं काय लिवलंच न्हाय.”

“लिवायला कशाला लागतंय? काटा तिथं गेला म्हंजे भरली.”

सनाने बोट काचेवरून मागे ईवर आणले. मग म्हणाली, “हा ई बाईंचा हाय ना? त्यांचा मधला हात असाच चढतो. माज्या वहीत पन असायचा.” आणि ओढणी सावरून मागे बसली. मग तिने बाकीचे काटेही एकेक करून विचारले, आणि दादांनी एकेक करून सांगितले. घड्याळापाशी आल्यावर वेळ बघून दादाच ओरडले, “चल चल, बोट सुटंल!”

गाडी उतारावरून फेरीबोटीवर चढली तेव्हा इंजिन एकदाही अडखळले नाही. अब्बासभाई पलीकडचा किनारा येईपर्यंत स्टिअरिंग धरून बसले होते, बोट जणू तेच हाकत होते.

गाडी आता वरचेवर दिसते. लग्नसराईत तर तिला उसंत नसते. मागच्या महिन्यात काशीदच्या गृहस्थांनी ती रस्त्यात थांबवली, भिंग काढले आणि डॅशबोर्डवर वाकले. मी शेजारीच बसलेलो होतो. त्यांनी वेगाची डायल पाहिली, घड्याळ कानाला लागेल इतके जवळून ऐकले, मान डोलावली. पेट्रोलच्या डायलीवर मात्र भिंग बराच वेळ थांबले.

“नाना,” ते हळूच म्हणाले, “एफ राहिलाय.”

“हो,” मी म्हटले. “दिवाळीनंतर.”